साउंडरची खरखर आणि दोन पट्ट्या

“उद्या सकाळी ते यंत्र उतरवायला घ्या,” ब्रायन म्हणाला आणि लॅपटॉप मिटायला लागला.

“थांब,” मी म्हटलं. “मला दोन दिवस दे.”

ब्रायन आमचा प्रोग्राम मॅनेजर. माणूस सज्जन, पण डोक्यात कायम कॅलेंडर. मी टेस्ट लीड. म्हणजे उपग्रह उडायला तयार आहे की नाही, हे तपासून शेवटी सही ठोकणारी बाई. अमेरिकेत आले त्याला तीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक याच कामात गेली.

आमचे उपग्रह हवामानाचे, ध्रुवांवरून फिरणारे. ते वर-खाली घिरट्या घालतात, खाली पृथ्वी आपली फिरतेच आहे, त्यामुळे दिवसभरात सगळी पृथ्वी नजरेखालून जाते. चार दिवसांनी वादळ कुठे धडकेल, हे सांगणारी कॉम्प्युटर मॉडेल्स या डेटावर जगतात. वरचा उपग्रह म्हातारा झाला की पुढचा तयार हवा. आजचं दही संपायच्या आत उद्याचं विरजण लावतो ना, तसं. म्हणून आम्ही एकसारखे दोन-तीन आधीच बांधतो आणि पाळी येईपर्यंत क्लीनरूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही नसलेल्या खोलीत, ठेवून देतो.

आत्ताचा हा उपग्रह असाच काही वर्षं ठेवलेला. वरचा कुरकुरायला लागला म्हणून याला बाहेर काढलं, टेस्ट सुरू केल्या, आणि साउंडरने घोळ घातला. साउंडर म्हणजे ढगांच्या आरपार बघून हवेच्या थराथराचं तापमान मोजणारं यंत्र. त्याच्या एका चॅनेलमध्ये नॉइज, म्हणजे नको ती खरखर, मर्यादेबाहेर गेली. ब्रायनचा तोडगा सरळ होता: हे यंत्र उतरवा आणि रांगेतल्या मागच्या उपग्रहाचं काढून इथे बसवा. म्हणजे याचं लाँच लांबणार आणि मागचा लंगडा होणार. तेवढ्यात वरचा बंद पडला तर? मॉडेल्स अर्धी आंधळी होणार!

“बुधवारी रिव्ह्यू बोर्ड आहे,” ब्रायन म्हणाला. “तोवर कारण सापडलं तर ठीक. नाहीतर उतरवायच्या कागदावर सही तूच करायची.”

साउंडर बनवणाऱ्या कंपनीकडून सुनील आला होता. मूळ नागपूरचा, इथे अमेरिकेत शिकलेला. मुलाची तक्रार ऐकायला शाळेत बोलावलेल्या बापासारखा तो मीटिंगभर मान खाली घालून बसला होता. बाहेर पडल्या पडल्या त्याने मला गाठलं.

“शुभाताई, आईशप्पथ, माझं यंत्र खराब नाहीये. हे बघा.”

त्याने ग्राफ दाखवला. खरखरीचा सुळका बरोबर साठ हर्ट्झवर उभा होता. साठ म्हणजे इथल्या भिंतीतल्या विजेचा ठेका.

“म्हणजे बिल्डिंगमधून घुसतंय,” मी म्हटलं.

“एक्झॅक्टली! पण कुठून?”

मंगळवारी दुपारपर्यंत आम्ही केबल्स बदलल्या, यंत्रं गार ठेवणारा चिलर बंद केला, दिवेसुद्धा घालवून पाहिले. सुळका ढिम्म हलेना. माझं डोकं फिरलं. बिचाऱ्या सुनीलला उगाच दोन शब्द सुनावले, मग सॉरी म्हटलं.

शेवटी पांढरा सूट चढवून मी उपग्रहाभोवती नुसत्याच फेऱ्या मारायला लागले. सोबत डोना होती, आमची सगळ्यात जुनी टेक्निशियन.

“काय शोधतेस?” तिने विचारलं.

“माहीत असतं तर बाहेर बसून चहा नसता का प्यायले?”

“पट्ट्या पाहिल्यास?” ती म्हणाली आणि तिने खाली बोट दाखवलं.

उपग्रहाला अर्थिंग लागतं, नाहीतर स्थिर विजेची एखादी ठिणगी सर्किट जाळून टाकते. त्यासाठी तांब्याची एक विणलेली पट्टी उपग्रहापासून जमिनीपर्यंत लावतात. एकच! दोन लावल्या की त्यांचा आणि जमिनीचा मिळून वेढा तयार होतो, आणि तो बिल्डिंगमधली वीज ओढून घेतो. इथे एक पट्टी समोर होती आणि दुसरी उपग्रह ज्या ट्रॉलीवर उभा होता तिच्या मागे, झाकणाआड.

“तुला माहीत होतं? मग काढली का नाहीस?” माझा आवाज चढला.

“काढा असं कुठे लिहिलंय?” डोना शांतपणे म्हणाली. “मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, कागदाप्रमाणे चाल.”

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे एकजण पायरी मोठ्याने वाचतो, दुसरा ती करतो, तिसरा शिक्का मारतो. कागदावर नसलेला स्क्रूसुद्धा कोणी फिरवत नाही. स्टोरेजच्या प्रोसीजरमध्ये लिहिलं होतं, पट्टी जोडा. टेस्टच्या प्रोसीजरमध्येही लिहिलं होतं, पट्टी जोडा. लोकांनी इमानेइतबारे दोन्ही जोडल्या.

मी रेडलाइन घातली, म्हणजे छापील कागदावर लाल पेनने नवी पायरी लिहिली: मागची पट्टी काढा. मी वाचली, डोनाने काढली, क्वालिटीवाल्याने शिक्का मारला.

कंट्रोलरूममध्ये येऊन टेस्ट पुन्हा लावली. सुळका गायब! रेघ सपाट.

“गेलं! ताई, गेलं!” सुनील ओरडला. पन्नाशी उलटलेल्या बाईने ऑफिसात उडी मारावी का? मी मारली.

मग रिपोर्ट लिहायला बसले. चूक कुठल्या कागदात आहे, ते लिहावं लागतं. स्टोरेजची प्रोसीजर उघडली. ‘जोडा’ होतं, ‘काढा’ कुठेच नव्हतं. पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव होतं. माझं. कानशिलं तापली. ‘कागदांमध्ये विसंगती आढळली’ असं गुळमुळीत लिहून मोकळं व्हावंसं वाटलं. नाही लिहिलं.

बुधवारी बोर्डापुढे उभी राहिले. “कारण सापडलं. यंत्र उत्तम आहे. चूक स्टोरेज प्रोसीजरमध्ये आहे, आणि ती मी लिहिली आहे.”

ब्रायन म्हणाला, “म्हणजे दोन दिवस तू स्वतःलाच शोधत होतीस?”

“हो. आणि पकडलं!”

सगळे हसले. बोर्डाने हिरवा शेरा दिला. साउंडर जागचा हलला नाही, मागचा उपग्रह धडधाकट राहिला, लाँच वेळेवर झालं. वरून पहिला डेटा आला त्या दिवशी सुनीलने त्याच चॅनेलचा स्वच्छ नकाशा पाठवला. खाली लिहिलं होतं, “ताई, पोरगं पहिलं आलं!” मी तो छापून ब्रायनच्या दारावर चिकटवून आले.

पुढच्या उपग्रहाच्या प्रोसीजरमध्ये ‘काढा’ ही पायरी घातली आणि कागद आधी डोनाला वाचायला नेऊन दिला. तेव्हा सहज विचारलं, “पट्टीचं तू कोणाला विचारलं होतंस गं?”

“तुलाच,” ती म्हणाली. “तू फोनवर होतीस.”

हल्ली डोना दारात दिसली की मी आधी फोन ठेवते.