आक्कांच्या पाटावरची भुतं

आक्का भुताची कादंबरी मोठ्यानं वाचायच्या आणि जी बाई भ्यायची नाही तिला चहा द्यायच्या नाहीत. "माझा चहा फुकट न्हाय," म्हणायच्या. "भ्यायचं नसंल तर घरी जाऊन निज." वैशाखातल्या भर दुपारी, शेवयांचे पाट मांडून, घाबरायची तयारी करून बसलेल्या आठ-दहा बायका मी आमच्या तेरशिवाय दुसऱ्या कुठल्याच गावात पाहिल्या नाहीत.

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या मागच्या अंगाला आक्का राहायच्या. दुकान त्यांच्या दिराचं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. आक्कांचा नवरा लवकर गेला होता, एकुलती लेक शांताही गेली होती, पण तिच्याबद्दल त्या बोलत नसत. आक्कांचं माहेर अक्कलकोटकडचं. वडिलांनी कानडी आणि मराठी दोन्ही वाचायला शिकवलेलं. तेर निजामाच्या राज्यात, त्यामुळे गावची शाळा उर्दूत होती आणि तिथंही मुली जात नव्हत्या. त्यामुळे पुस्तक हातात धरून घडाघडा वाचणारी बाई गल्लीत एकच. मी सोलापूरच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगात राहून शिकत होते. मला मराठी वाचता यायचं, पण अडखळत, आणि चारचौघींत तर तेवढंही नाही. आक्का मला मडम म्हणायच्या.

कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि मांडीवर झाडाला लटकलेल्या बाईचं चित्र असलेलं पुस्तक. कुणी हसलं की आक्का सांगायच्या, "आमच्यात माणूस मेलं की शिवाकडं जातंय. भूत व्हायला त्याला सवडच कुठाय? म्हणून मला ही पुस्तकं गोड लागत्यात. तुमास्नी खरी वाटत्यात, तुमचं तुमी बघा."

पुस्तकं सगळी एकाच लेखकाची. तो पुण्याचा, एवढंच बायकांना माहीत. म्हणून त्याचं नाव पुणेकर. दरवर्षी पुणेकरांचं एखादं नवं पुस्तक यायचंच, पण आक्कांकडची रीत अशी की उन्हाळ्यात आधी सगळी जुनी पुन्हा वाचायची. 'मुक्या घाटातला टांगा', 'सातव्या खोलीचं कुलूप', 'पडक्या चावडीचा पहारा', 'उलट्या पावलांची सून'. शेवया संपत आल्या की पुस्तकं ओळीनं मांडायची आणि प्रत्येकीनं पाच चिंचोके आपल्या आवडीनं त्यांच्यावर ठेवायचे. ज्यावर ढीग मोठा, ते त्या वर्षी पहिलं. भांडणं मात्र चिंचोक्यांवरून नाही, शेवयांवरून व्हायची. खरी भीती वाटली की हात थरथरतो आणि पाटावरची शेवई तुटते. एखादीनं कुलपाच्या पुस्तकावर तीन चिंचोके ठेवले की शेजारची म्हणायची, "खोटी हायस. त्या वक्ताला तुझी एक बी तुटली न्हाय. मी बघत हुते."

पुस्तकं सोलापूरहून आणायचं काम माझ्याकडे होतं. तामलवाडीला सरहद्दीवर निजाम सरकारचा नाका. सर्व्हिस मोटार थांबायची आणि पेट्या उघडायला लागायच्या. एकदा शिपायानं माझी ट्रंक उघडली. वरच्याच पुस्तकावर दातविचका मुडदा. "ये क्या है बीबी?" त्यानं विचारलं. माझ्या तोंडातून एकच शब्द फुटला, "भूत." तो दोन पावलं मागं झाला. "बंद करो जी, बंद करो." माझ्या चपला, फ्रॉक, शाळेची वह्यापुस्तकं कशालाही त्यानं हात लावला नाही. आक्कांनी हे मला बायकांपुढे तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी मी जरा बरं सांगितलं असावं, कारण त्या दिवशी मला न भिता चहा मिळाला.

पहिल्या वर्षी मी माझे पाचही चिंचोके चावडीच्या पुस्तकावर ठेवले आणि शाळेत शिकवतात तशी कारणं दिली. वर्णन चांगलं आहे, रचना चांगली आहे. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रचना मास्तर बघतील. तू कुठल्या पानाला भ्यालीस ते सांग." मला सांगता येईना. त्यांनी माझे चिंचोके उचलून माझ्या हातात परत दिले. "पुढच्या वर्षी ये."

'उलट्या पावलांची सून' दरवर्षी पहिली यायची. बाळंतपणात मेलेली सून हडळ होऊन आपल्या तान्ह्या मुलाकडे परत येते, अशी ती गोष्ट. आमच्या समोरच्या सुंदराकाकू तिच्यावर पाचही चिंचोके ठेवायच्या. आक्का एकही नाही. का, म्हणून कुणी विचारलं तर "साकु," म्हणायच्या, म्हणजे पुरे, आणि पाट उचलायला लागायच्या.

सुंदराकाकूंची सून गोदा. तिच्या शेवया सगळ्यांत बारीक. आणि ती कधी भ्यायची नाही. हडळ मुलाच्या पाळण्याशी येते त्या पानालाही ती फिसकन हसायची. आक्का तिला चहा द्यायच्या नाहीत, पण जाताना गुळाचा खडा हातावर ठेवायच्या.

मी मॅट्रिकला जाणार त्या उन्हाळ्यात गोदाचे दिवस भरत आले होते. पाटावर बसणं तिला जमायचं नाही. बाजूला टेकून ती बाकीच्यांच्या शेवया काठीवर घ्यायची. वैशाख संपता संपता तिला मुलगी झाली, आणि सकाळ व्हायच्या आत गोदा गेली.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांबरोबर सुंदराकाकूंकडे निघाले. नदीकडून येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर पिवळे राळे पडलेले होते. पुढच्या वळणावर पुन्हा एक मूठ. मेलेली बाई परत येताना एकेक दाणा वेचत बसते आणि तोवर उजाडतं, म्हणून हे टाकायचं. आक्का वळणं मोजत होत्या. सात. काकूंच्या उंबऱ्याला चार नवे खिळे. बाळ घरात नव्हतं. गोठ्यात, टोपल्यात ठेवलेलं, रडून रडून घोगरं झालेलं, आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं, कारण आई त्याच्यासाठीच येणार होती.

राळे टाकतात हे गावात ऐकून सगळ्यांना माहीत होतं. पण सात वळणं, सात मुठी, चार खिळे आणि मूल घराबाहेर, ही रीत तेरची नव्हती. ती पुणेकरांची होती. मला पान आठवत होतं. आणि सुंदराकाकूंना ते पाठ झालं होतं आक्कांच्याच आवाजातून.

आक्का दारात उभ्या राहिल्या. काकू आतून म्हणाल्या, "पुढं येऊ नका आक्का. समदं नीट केलंया. तुमीच तर वाचलाव."

आक्कांनी उंबऱ्यातले खिळे बघितले. मग म्हणाल्या, "व्हय. म्या वाचले. म्हणूनच आले."

त्या सरळ गोठ्यात गेल्या, टोपल्यातलं बाळ उचललं, पदराखाली घेतलं आणि आपल्या घरी आणून, तिथं धावत आलेल्या माझ्या आईच्या मांडीवर दिलं. शेळीचं दूध पाजायला सांगितलं. मग केरसुणी घेतली. "मडमे, सूप घे."

बारा वाजायला आले होते. आक्का पहिल्या वळणापासून राळे झाडायला लागल्या. मी सूप धरलं. दारादारांत लोक उभे राहिले. अण्णा दुकानातून उठून आले. "वैनी, घरात चला. लोकं बघायलेत."

"बघू द्या. वाचायला येत न्हाय त्यास्नी, बघायला तरी येऊ द्या."

तिसऱ्या वळणावर एक म्हातारी म्हणाली, "आक्का, आता ती तुमच्या मागं लागंल."

"लागू दे. गूळ मागायला आली तर दीन मी."

सातव्या वळणाला सूप अर्धं भरलं होतं. आक्कांनी ते राळे उकिरड्यावर टाकले नाहीत. अंगणात चिमण्यांना टाकले. दुकानातली पकड घेऊन पुन्हा काकूंच्या घरी गेल्या आणि उंबऱ्यावर बसून चारही खिळे उपसले. काकू आतल्या खोलीच्या दाराआडून बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही आणि पुढंही आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी अण्णांनी सगळी पुस्तकं न्हाणीच्या चुलीपाशी नेऊन ठेवली. रागानं नाही, त्यांना खरंच वाटत होतं की हे सगळं पुस्तकांमुळे झालं. आक्कांनी ती एकेक उचलून परत आणली. "जाळू नका अण्णा. जाळलं की लोकं म्हणतील, खरं हुतं म्हणून जाळलं."

पुस्तकं लावताना त्यांनी मला शांताचं सांगितलं, माझ्याकडे न बघता. ती पहिल्या बाळंतपणात, सासरीच वारली. त्या लोकांनीही रस्त्यावर राळे टाकले. "आमच्यात असलं काय नसतंय, तरी टाकले. आन म्या बी उभीच हुते. माझ्या लेकीनं घरी येऊ नये म्हणून दाणे टाकायलेत, आन मी बघायले." एवढंच. मग त्यांनी 'उलट्या पावलांची सून' सगळ्यांत वर ठेवली.

गोदाचा तेरावा झाल्यावर आक्कांनी बायकांना बोलावलं. शेवया उरकल्या होत्या, तरी पाट मांडायला लावले. सुंदराकाकू येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्या आल्या आणि दाराशी बसल्या. बाळ आक्कांच्या मांडीवर होतं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि कुणी नको म्हणायच्या आत वाचायला लागल्या. सुनेला कळा लागतात, अमावास्या आहे म्हणून घरातले वैद्याकडे गाडी पाठवत नाहीत, पाचव्या पानाला ती मरते.

आक्का तिथंच थांबल्या. "वैद्य किती लांब हुता?"

"दोन कोस," कुणीतरी म्हणालं.

"गाडी हुती?"

"हुती."

"चार वर्सं आपण हे पान भर्रकन वाचून फुडं गेलो. का, तर फुडं भूत यायचं हुतं. बाई मेली ते कुणी ऐकलंच न्हाय. म्या बी न्हाय ऐकवलं."

दाराशी काकू अगदी हळू बोलल्या. "मी छकडा पाठवला हुता आक्का. धाराशिवला. डाक्टर यायच्या आत..."

"ठाऊक हाय मला, सुंदरा. तू पाठवलास. मग तुझी गोदा कुणावर डूख धरून परत यील?"

काकू रडल्या नाहीत. उठून पुढं आल्या आणि बाळ मांडीवर घेतलं. रिकाम्या पाटांवर सगळ्या बायकांचे हात नुसते टेकलेले होते. त्या दिवशी शेवई तुटायचा प्रश्नच नव्हता.

सात वळणांचं पान आलं तेव्हा आक्का वाचायच्या थांबल्या. पुस्तक त्यांनी माझ्यापुढे केलं. मी वाचलं. अडखळले, दोनदा ओळ चुकले, पण शेवटपर्यंत वाचलं. भीती कुठल्या पानाला वाटते, हे आता मला सांगता आलं असतं.

मग चिंचोके. काकूंनी पाचही 'मुक्या घाटातल्या टांग्या'वर ठेवले. "त्यात घोडं मरतंय फकस्त," म्हणाल्या. दोघीतिघी हसल्या आणि हसल्याबद्दल ओशाळल्या. मी माझे कुलपाच्या पुस्तकावर ठेवले. तरी दोन बायकांनी सुनेवरच ठेवले; त्यांना ती अजूनही आवडत होती. आक्का त्यांना काही बोलल्या नाहीत. "तुमचा चिंचोका, तुमची भीती." दरवर्षी पहिलं येणारं पुस्तक त्या वर्षी तिसरं आलं. सगळ्यांना चहा मिळाला.

पुढं रझाकारांचे दिवस आले. सरहद्दीपलीकडे जायला ज्यांना जमलं ते गेले. अण्णा सगळं घर घेऊन सोलापूरला आले. मी तिथंच कॉलेजात होते. आक्का एका खोलीत राहायच्या, अंथरुणाला खिळलेल्या, तापानं वाळलेल्या. पुणेकरांचं नवं पुस्तक घेऊन गेले तेव्हा उठून बसल्या. मी पंधरा-वीस पानं वाचली असतील. "ह्यात बी बाईच मेली का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मरायला लागली की सांग. तिथं हळू वाचू."

ते पुस्तक पुरं झालं, पण त्यानंतरच्या महिन्यात आक्का गेल्या.

हे सांगायला मी तेरला गेले तेव्हा निजामाचं राज्य संपलं होतं. सुंदराकाकूंनी पाणी दिलं, मग विचारलं, "शेवटी काय वाचीत हुत्या?" मी नाव सांगितलं. "कितव्या नंबराचं?"

"दुसऱ्या, असं त्या म्हणाल्या."

"माझं मी बघीन. आणून दे."

बोलता बोलता त्यांनी अंगणात नजर टाकली आणि उठून दाराशी गेल्या. नात कुठं दिसत नव्हती. आईविना वाढलेली ती पोर आता चार वर्षांची होत आली होती. तिच्या बारशाला आक्कांनी नाव ठेवलं तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावला होता. तसल्या मरणानं गेलेल्या आईचंच नाव पोरीला कुणी ठेवत नाही. "हाकंत राहू दे ते नाव," आक्का म्हणाल्या होत्या. "कुजबुजीत नगं."

काकूंनी भर उन्हात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "गोदे, ए गोदे."

मी समोरच्या दारांकडे पाहिलं. एकही दार लागलं नाही. पलीकडच्या ओट्यावर डाळ निवडणाऱ्या बाईनं मान वर न करताच सांगितलं, "हितंच हाय की, माझ्या मागं."