भाच्याची सीट आणि आजीची मांडी

भाच्यासाठी आणलेली कार सीट घरात आली आणि दुसऱ्याच दिवशी आजीनं तिच्यात कांदे भरले.

कांदे, दोन नारळ आणि वर लसणाची माळ. पट्टे मात्र व्यवस्थित लावलेले. मी म्हटलं, "आजी, कांद्यांची सेफ्टी एक नंबर हां." तिनं लाटणं उचललं. मी गॅलरीत.

ही आजी म्हणजे माझ्या ताईची सासू. भाचा झाला त्या दिवशी अख्ख्या चाळीनं तिला आजी करून टाकलं, तसं मीही केलं. लग्न होऊन मालवणकडून लालबागला आली ती इथलीच झाली. एरवी बोलणं मुंबईचं, पण राग आला किंवा माया दाटून आली की थेट मालवणी. मी साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात शिकलो. शिक्षण बेताचंच, पण हेडमास्तरांचा खोकला मी इतका हुबेहूब काढायचो की दंगा घालणारा वर्ग गपकन गप्प व्हायचा. आता परळच्या एका ऑफिसात फोनवर लोकांशी गोड बोलायचा पगार घेतो आणि ताईकडे पोटमाळ्यावर राहतो. भाड्याच्या बदल्यात करमणूक.

तर भानगड अशी होती. भाच्याला चार महिने झाले की गावी नेऊन देवाच्या पायावर घालायचं ठरलेलं. दाजींनी नुकतीच एक सेकंडहँड गाडी घेतली होती. आजीच्या डोक्यात पिक्चर कधीचा तयार होता: आपण मागे खिडकीशी, नातू मांडीवर, आणि गावात शिरताना काच खाली करून सगळ्यांना दर्शन. ताईचं एकच म्हणणं होतं. बाळ सीटमध्ये बसेल, पट्टे लावून बसेल, नाहीतर गाडी निघणार नाही. मधे दाजी. दाजी म्हणजे आईला "हो ना" आणि बायकोला "बरोबर आहे" म्हणणारा माणूस, आणि आमची खोली एवढी लहान की दोन्ही वाक्यं दोघींना ऐकू जायची.

सीट आणायला आम्ही दादरला गेलो होतो. त्याआधी दाजींच्या ऑफिसातल्या कुणीतरी जुनी सीट फुकट देऊ केली होती. ताईनं फोनवर विचारलं, "ही सीट असताना गाडीला कधी ठोकर बसली होती का?" तिकडून उत्तर आलं, "अगदी किरकोळ." ताईनं थँक्यू म्हणून फोन ठेवला. मी म्हटलं, "दिसायला तर टकाटक आहे की फोटोत." ती म्हणाली, "आतून तडा गेला असेल तर फोटोत दिसणारेय का? तुझं डोकं तरी बाहेरून टकाटकच दिसतं."

दुकानातला सेल्समन म्हणजे माझ्यासाठी मेजवानी होता. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळी वाजवायचा. "मॅडम, ही बघा, व्हेलवेट टच!" टाळी. "ह्याच्यात बॉटलची जागा पण आहे!" टाळी. "आणि बेबीला तोंड पुढे करून बसवा, मस्त व्ह्यू मिळतो!" टाळी.

"चार महिन्यांच्या बाळाला व्ह्यू नको," ताई म्हणाली. "त्याची मान अजून कच्ची आहे, डोकं जड आहे. ब्रेक लागला की सगळा हिसका मानेला बसतो. तोंड मागे असेल तर तो पाठीवर पसरतो. ही मागे तोंड करून किती वजनापर्यंत चालते ते सांगा."

सेल्समनची टाळी हवेतच राहिली. तो डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचायला लागला. त्यानं सांगितलं तेवढ्यानं ताईचं समाधान झालं नाही. सीट खाली आणून आमच्या गाडीत बसवून दाखवा, म्हणाली. दाजी खाली डबल पार्किंगमध्ये इंडिकेटर लावून घाम पुसत बसलेले. पहिली सीट व्हेलवेटवाली. ती गाडीच्या पट्ट्यात घट्ट बसेचना, धरून हलवली की झोपाळ्यासारखी डुलायची. दुसरी साधी, राखाडी, दिसायला अगदीच गरीब. पण ताईनं गुडघा टेकवून पट्टा ओढला आणि ती अशी बसली की हलवली तर सीट जागेवर आणि गाडीच हलायची. तीच घेतली. परत येताना मी वाटभर टाळ्या वाजवत होतो. शेवटी दाजींनी भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला मला उतरवायची धमकी दिली.

घरी आल्यावर कांदे. आणि कांद्यांनंतर वाद.

"पोराला बांधून ठेवणार? काय केलंय त्याने?"

"आई, पट्टा त्याच्या भल्यासाठी आहे."

"आणि तोंड मागे? जगाकडे पाठ करून जाणार माझा नातू? बघणार काय, सीटचा कपडा?"

"तुम्ही त्याच्या शेजारी बसायचं. तो तुमच्याकडेच बघेल."

हे आजीला थोडं आवडलं, पण दाखवायचं नव्हतं. मग तिनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी काढली. बरं, बसव बाई तुझ्या खुर्चीत, पण खाली ही घाल, पोराला मऊ लागेल. मला वाटलं, चला, तह झाला. ताई गोधडीवरून हात फिरवत म्हणाली, "आई, खाली नको. जाड कापड खाली गेलं की पट्टे सैल राहतात. पट्टे आधी घट्ट लावू आणि मग वरून पांघरू." तिनं करूनही दाखवलं. भाच्याला बसवलं, पट्टा ओढला आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायला गेली. चिमटीत काही आलं नाही. "असं पाहिजे. चिमटीत आला म्हणजे सैल."

आजीनं गोधडीची घडी घातली. सावकाश, चारी टोकं जुळवून. मग तिची गाडी मालवणीवर गेली. "चार पोरां ह्या मांडयेर वाढली. ह्येचो बापूस माझ्याच मांडयेर बसान गावाक जाय. एस्टीत. घाटात. एकदाव सोडलंय नाय मी."

दाजी म्हणाले, "हो ना." ताईनं त्यांच्याकडे बघितलं. दाजी म्हणाले, "बरोबर आहे." कुणाला म्हणाले ते त्यांनाही ठाऊक नसावं.

खरं सांगायचं तर मला आजीचं पटत होतं. तिची पकड मला माहीत आहे. तिनं माझा कान धरलाय. म्हणून मी आपला गंमत म्हणून बोलून गेलो, "मग टेस्ट घेऊ की! आजीच्या मांडीवर काहीतरी देऊ, दाजी ब्रेक मारतील. आजीनं सोडलं नाही तर आजी जिंकली."

मला वाटलं, सगळे हसतील आणि विषय संपेल. आजी म्हणाली, "हाड खयचाय. बघूया." म्हणजे आण काय हवं ते.

शेजारची आंटी दारातच उभी होती. आमच्या घरातलं भांडण तिला आमच्या आधी कळतं. ती म्हणाली, "अरे बाबा, माझ्याकडे पपई हाय. पिकून पार ढिली झाली, कोणी खात नाय. घेऊन जा."

पपई चांगली लांबोडकी होती. वजनाला अर्धा भाचा. मी तिला झबलं घातलं, टोपडं घातलं आणि दुपट्यात गुंडाळलं. दाजी म्हणाले, "माझ्यासारखी दिसते रे." भाचा आंटीच्या कडेवरून हे सगळं अतिशय गंभीरपणे बघत होता.

रविवार सकाळ. बंद गिरणीच्या भिंतीलगत एक सरळ रस्ता आहे, तिथं त्या वेळी फक्त क्रिकेट चालतं. आमची वरात बघून पोरांनी स्टंप उचलले. ताई या प्रकाराला मुळात तयार नव्हती. तयार झाली ती तिच्या अटींवर: गाडी सायकलच्या स्पीडनं चालवायची आणि पुढच्या सीटच्या पाठीला उशी बांधायची, म्हणजे आजीला लागायला नको. आजी मागे बसली, पदर खोचला, पपई छातीशी धरली. बेल्ट लावला नाही. एस्टीत कुठं होता?

मी रेल्वेच्या अनाउन्सरचा आवाज काढला. "कृपया लक्ष द्या. लालबागवरून देवाच्या पायांवर जाणारी पपई..."

"गप रे मेल्या," आजी आतून म्हणाली.

दाजींनी गाडी काढली. हळूच. सायकल तरी काय, भाजीवाल्याची हातगाडीसुद्धा पुढे गेली असती. भिंतीवरच्या जुन्या पोस्टरपाशी आल्यावर त्यांनी ब्रेक दाबला.

आजी पुढे गेली. अख्खी. उशीवर आदळली आणि परत मागे आली. मी धावत दार उघडलं. आजी ठीक होती. पपई तिच्या हातातच होती, दोन्ही हात अजून तस्सेच कवळलेले.

"सोडली नाय!" आजी ओरडली. "बघ! सोडली नाय!"

क्रिकेटवाल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी आजीचा हात वर करून "विजयी उमेदवार" सुरू केलं. दाजींच्या चेहऱ्यावर आईचं कौतुक आणि बायकोची भीती एकाच वेळी. ताई आजीच्या हातातल्या दुपट्याकडे बघत होती.

मग आजीनं दुपटं बाजूला केलं.

झबल्यातून पिवळं पाणी येत होतं. पपई मधोमध फुटली होती. खाली पडली नव्हती, कुठंच आपटली नव्हती. आजीच्या छातीच्या आणि उशीच्या मधे आली होती, एवढंच. आजीच्या लुगड्यावर बिया चिकटलेल्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाशी दोन जोक आले होते. ते मी गिळले.

"मी सोडली नाय," आजी म्हणाली, पण आता हळू. "माझोच भार इलो तिच्यार."

ताई आत तिच्या शेजारी जाऊन बसली. पदराच्या टोकानं तिचे हात पुसायला लागली. "आई, कुणाचाही आला असता. माझाही आला असता. इतक्या हळू गाडीत हे, तर हायवेवर माझे हात काय करणार?"

आजीनं मान हलवली. मग मला म्हणाली, "हसतस काय रे?" मी हसत नव्हतो. पण तिला कुणावर तरी ओरडायचं होतं, म्हणून मी थोडा हसलो.

गावाला निघालो त्या दिवशी आजी सगळ्यांच्या आधी खाली. सीट मागे डावीकडे, तोंड मागे. ताईनं भाच्याला बसवलं, पट्टे ओढले. आजीनं चिमटी घेतली. पट्टा चिमटीत आला. "सैल हा," ती म्हणाली. ताईनं आणखी ओढला. पुन्हा चिमटी. आता नाही आला. मग वरून गोधडी, अर्ध्यापर्यंत. आजी सीटच्या आणि ताईच्या मधे बसली, स्वतःचा बेल्ट लावला आणि पुढच्या सीटवरच्या मला म्हणाली, "तुझो खंय हा?" मी लावला.

पनवेलपर्यंत भाचेसाहेब झोपलेले. त्यानंतर उठले, आणि असे रडायला लागले की काय सांगू. मी पुढून मान वळवून सगळा स्टॉक काढला. कुकरची शिट्टी, कावळा, टाळीवाला सेल्समन. एरवी कावळ्यावर तो खात्रीनं हसतो. आज कावळ्यावर आवाज आणखी चढला. ताईनं खुळखुळा वाजवला, पाठीवर थोपटता येईना म्हणून पाय चोळले. काही उपयोग नाही. लालेलाल झाला, श्वास अडकायला लागला. मी म्हणून गेलो, "ताई, घे ना जरा वर. पाचच मिनिटं. दाजी हळू चालवतील."

ताईचे डोळे भरले होते. तिनं आजीच्या पुढ्यातून हात घालून बकल चाचपलं. बघते आहे, की उघडते आहे, ते तिलाही कळलं नसावं.

आजीनं आपला हात त्या बकलावर ठेवला.

"गाडी थांबल्याशिवाय हात लावूचो नाय," ती म्हणाली. मग दाजींना, "बाजूक घे."

"आई, इथे कडेला थांबणं धोक्याचं आहे. ट्रक बघ कसे जातायत. पुढे पंप आहे."

"मग पंपार घे. पळव नुको. आसा तशीच चालव."

पंप येईपर्यंतचा तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. भाचा रडत होता. आजीनं त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं होतं आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सारखी बोलत होती. "रड रे माझ्या झिला, रड. मी हय आसंय. माका दिसतस तू. रड." तिच्या स्वतःच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. एक मुठीत, एक बकलावर.

पंपावर एका बाजूला झाडाखाली गाडी उभी राहिली. दाजींनी हँडब्रेक ओढला. तेव्हा आजीनं हात काढला. ताईनं पट्टे सोडले, भाच्याला उचलून पाजायला घेतलं, आणि पोट भरल्यावर सरळ आजीच्या मांडीवर ठेवलं. तो तिच्या नाकाकडे बघत हुंदके देत देत गप्प झाला. मग चक्क हसला. कावळा न करता.

मी आणि दाजी चहा घेऊन आलो. दाजींनी घड्याळ बघितलं. "निघायचं का? अंधाराच्या आत पोचायला हवं."

आजीनं मानसुद्धा वर केली नाही. नातवाच्या पायावरून बोट फिरवत होती. "लगेच गाडी चालू करूची नाय," म्हणाली. "माझी मांडी भरान घेऊंदे आधी."

दाजी आईला "हो ना" म्हणाले नाहीत, बायकोला "बरोबर आहे" म्हणाले नाहीत. त्यांनी चावी काढली आणि आजीच्या हातात दिली.