बारा पौंडांचा खडू

आमच्या डॉक्टरांइतका काटकसरी माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतका उधळ्याही पाहिला नाही, आणि ही दोन्ही माणसं एकाच राखाडी कोटात गुण्यागोविंदाने राहत. एक टीबॅग ते तीन वेळा वापरत. तिसऱ्या चहाला ते ‘माइल्ड’ म्हणत, आम्ही गरम पाणी म्हणत असू. नोव्हेंबर संपल्याशिवाय घरात हीटिंग लागत नसे आणि कोणी पाहुणा आला तर त्याचा कोट काढून घेण्याऐवजी ते त्याला वरून दुसरा कोट देत. संध्याकाळी सुपरमार्केटात किंमत उतरवल्याचे पिवळे स्टिकर लागायच्या वेळेला ब्रेडच्या फळीसमोर अशा गंभीर चेहऱ्याने उभे असत, की वाटावं आतून पेशंट बाहेर यायचाय. दिवाळीत त्यांच्याकडून आलेल्या भेटीचा कागद आम्ही न फाडता सोडवायचो, कारण पुढच्या वर्षी तो ते परत मागत. आणि याच माणसाने दोन हजार आठच्या सुमाराला अमेरिकेहून एक खडू मागवला. एक. बारा पौंडांचा, पोस्टेज वेगळं.

हा फळ्यावरचा खडू नव्हे. स्नूकरच्या काठीच्या टोकाला चामड्याची टिकली असते, तिच्यावर घासायचा हा निळा चौकोनी ठोकळा. नीट घासला नाही तर काठी चेंडूवरून सटकते आणि खेळणाऱ्याची शोभा होते. लंडनजवळ स्लाऊला गालिच्यांच्या दुकानाच्या वर एक क्लब होता, तिथे असे ठोकळे टेबलांच्या कडांवर फुकट पडलेले असत. पण डॉक्टरांना ते चालत नसत. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल देत आलेला माणूस. “वहिनी,” ते म्हणत, “घसरण्याचं कारण नेहमी लहान असतं. मोठी कारणं लोकांना आधीच दिसतात.”

मला वहिनी म्हणत, कारण आमचे हे आणि डॉक्टर एकाच हॉस्पिटलात होते आणि वीस वर्षं दर गुरुवारी दुपारी त्या क्लबात एकमेकांना हरवत होते. हे गेले तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे आजच्या हिशेबाने अगदीच पोर आणि तितकीच बावळट. लायब्ररीतली नोकरी मी आदल्याच वर्षी सोडली होती, आता दोघं मिळून फिरू म्हणून. मुलगी क्रॉयडनला, तिचा फोन रविवारी. उरलेले सहा दिवस मी रेडिओवरच्या लोकांना उत्तरं देत असे. तीही इतक्या तावातावाने, की शेजारणीने एकदा विचारलं, तुझ्याकडे पाहुणे आलेत का. मी हो म्हणाले.

डॉक्टर भेटायला आले होते तेव्हा तासभर बसले आणि फक्त माझ्या बॉयलरबद्दल बोलले. त्यांची बायको आधीच गेलेली, त्यामुळे काय बोलायचं नसतं हे त्यांना पाठ होतं. मग दीड वर्ष काही नाही, आणि एक दिवस फोन. “वहिनी, गुरुवारी दुपारी एक काम आहे. सायंटिफिक.”

‘काम’ या शब्दाचं महत्त्व इथे जन्मलेल्या माझ्या नातींना समजत नाही. आमच्यात एकटी बाई आणि एकटा पुरुष भेटू शकतात, पण मध्ये काहीतरी काम हवं. कुणाचा व्हिसा, कुणाचं ऑपरेशन, मंडळाच्या गणपतीचं मखर. चहा हे काम नव्हे, चहा कामानंतर आपोआप होतो. आणि काम नसताना दोघं सलग दोन गुरुवार एकत्र दिसली, तर तिसऱ्या गुरुवारी ती बातमी पुण्याला पोचलेली असते.

तर काम असं होतं: महाग खडू खरोखरच पैसे वसूल करतो का, हे शोधून काढायचं. डॉक्टरांनी दोन्ही खडूंचे कागद सोलले, महागाच्या बुडाला ‘अ’ लिहिलं, क्लबातल्या फुकट्याच्या बुडाला ‘ब’. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मी अ किंवा ब काठीला घासायचा, काठी हातात द्यायची, ते वळून मारणार, आणि काठी सटकली की नाही ते मी वहीत लिहिणार. बारा गुरुवार. “मला काही सांगायचं नाही,” त्यांनी बजावलं. “चेहऱ्यावरूनही नाही. मी चेहरे वाचण्याचा पगार घेतलाय.” दोन्ही खडू घरी न्यायचे तेही मीच, आणि वेगवेगळ्या जागी ठेवायचे, एकाची पूड दुसऱ्याला लागता कामा नये. ब माझ्या पर्समध्ये राही, अ टिश्यूत गुंडाळून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये.

पहिल्या गुरुवारी मी पैठणी तेवढी नेसले नाही, बाकी सगळं केलं. लिपस्टिक लावली, पुसली, परत लावली. क्लबात खिडकी नव्हती, गालिच्यांचा वास जिन्यावरून वर येई, आणि भिंतीकडे तोंड करून उभे असलेले डॉक्टर वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे दिसत. काठी सटकली तर “ब,” म्हणून ते तुच्छतेने सांगत. नाही सटकली तर, “बघा, कसा धरतो चेंडूला. पैसा बोलतो, वहिनी.” मी मख्ख. मग मशीनचा चहा, प्लास्टिकच्या कपात, प्रत्येकी पूर्ण टीबॅग. गप्पांत अर्धा पाऊण तास जाई. मला आठवड्याच्या बाकीच्या वारांची नावं विसरायला होत होतं.

तिसऱ्या गुरुवारनंतर ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पुण्याहून सहा आठवड्यांसाठी आली आणि आल्या दिवसापासून माझ्या घरातला पांढरा रंग तिला पसंत पडला नाही. मी दुपारी दुकानातून परतले तर बाथरूममध्ये बादली, बादलीत माझे उशांचे अभ्रे, आणि त्यांच्यावर नकाशे उमटलेले.

“नीळ धड मिळत नाही वाटतं तुमच्याकडे,” ताई म्हणाली. “अर्धा तास चोळतेय, विरघळायचं नाव नाही. शेवटी लाटण्याने फोडली.”

मी बादलीकडे पाहत राहिले. “ताई, ती बारा पौंडांची होती.”

“फसवलं तुला,” ताई म्हणाली आणि अभ्रे पिळायला घेतले.

त्या वेळी डॉक्टरांना फोन करायचा, इतकं सोपं होतं. पण मला वाटलं, खडू नाही तर काम नाही, काम नाही तर गुरुवार नाही. मग पुढच्या गुरुवारी, डॉक्टर भिंतीकडे वळलेले असताना, मी शेजारच्या टेबलावरचा एक फुकट ठोकळा उचलला, कागद सोलला आणि बुडाला माझ्या हाताने ‘अ’ लिहिलं. ज्या बाईने लायब्ररीत लोकांना एक दिवसाचा उशीर माफ केला नाही, तिने.

उरलेले नऊ आठवडे आम्ही स्वस्त खडूची स्वस्त खडूशी झुंज लावली. गंमत म्हणजे अ जिंकत होता. अपराधी मनाने मी तो इतका जीव लावून घासत असे, कडेकडेने, हलक्या हाताने, की काठी सटकणं शक्यच नव्हतं. ब मात्र गप्पा मारत, कसाबसा. बाराव्या गुरुवारी डॉक्टरांनी वही पाहिली. अ चार वेळा सटकला होता, ब एकवीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पिवळ्या स्टिकरपुढेही पाहिला नव्हता.

“सिद्ध झालं,” ते म्हणाले. “कमिटीला पत्र लिहितो, सगळ्या टेबलांवर हाच ठेवा म्हणून. साक्षीदार म्हणून तुमची सही. आणि वहिनी, तुमचे गुरुवार आता मोकळे. फार छळलं तुम्हाला.”

मी कबूल केलं. मुलीला नंतर सांगितलं की सत्यासाठी केलं, कमिटीपुढे त्यांची फजिती नको म्हणून केलं. ती म्हणाली, आई, सो ब्रेव्ह. सगळं खोटं. मला चाचणी पहिल्यापासून सुरू करायला हवी होती, आणखी बारा गुरुवार हवे होते. बादली, ताई, लाटणं, सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होते, हातात तो माझ्या अक्षरातला अ.

“म्हणजे दोन्ही स्वस्त.”

“हो.”

“तरी फरक आला.”

“मी मन लावून घासत होते.”

डॉक्टरांनी अ टेबलाच्या कडेवर ठेवला. मग चहाचा कप उचलून केराच्या डब्यात टाकला, अर्धा भरलेला, टीबॅगसकट, आणि मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही. दोन्ही दिवशी मी दुपारी बूट घालून कोचावर बसले होते. ताई पुण्याला परत गेली होती, नाहीतर तिने कारण विचारलं असतं.

तिसऱ्या बुधवारी फोन वाजला.

“वहिनी, उद्या येता?”

“नवीन खडू मागवलात का?”

“नाही.”

“मग चाचणी कसली करायची?”

“चाचणी नाही. मी खेळेन, तुम्ही बसा. किंवा तुम्हीच खेळा, मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. सहज.”

आता पाहा, दीड वर्ष रेडिओशी बोलणारी बाई. गुरुवारांसाठी खोटं लिहिणारी, गुरुवारांसाठीच खरं बोलणारी. तिला फोनवर कोणीतरी गुरुवार देत होतं, आयता, कसलंही काम न जोडता. आणि त्या शहाणीने काय म्हणावं?

“सहज कसं येणार, डॉक्टर?”

“तेही खरंच,” ते म्हणाले. लगेच म्हणाले, जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं. “बॉयलरचं सर्व्हिसिंग करून घ्या. थंडी येईल.” आणि फोन ठेवला.

मी हातातला रिसीव्हर तसाच धरून उभी होते. परत फोन लावायला काहीतरी कारण शोधत होते, आणि कारण सुचेपर्यंत अंधारून आलं.

नाताळाच्या आधी डॉक्टर घर विकून लेकीकडे बर्मिंगहॅमला गेले. त्यानंतर मी बर्मिंगहॅमला तीनदा गेले: एक लग्न, एक मुंज, एकदा नातीची स्पर्धा. तिन्ही वेळा त्यांना फोन केला नाही, कारण मी त्यांच्यासाठी आले नव्हते. असा कडक कायदा मी दुसऱ्या कुणाला लावला नसता. दिवाळीला त्यांचं कार्ड येई, दोन ओळी, तब्येत बरी, तुमची बरी असावी. गेल्या दोन वर्षांची कार्डं लेकीच्या अक्षरात होती, या वर्षी आलंच नाही. मी विचारलेलं नाही.

आता मला काम लागत नाही. या वयात कुणी काही म्हणत नाही, आणि म्हणणारी बहुतेक गेली. कानातलं मशीन काढून ठेवलं की रेडिओही गप्प असतो. पण गुरुवारी दुपारी मी डेंटिस्ट घेत नाही, मुलीला येऊ देत नाही, बाहेर पडत नाही. दोनच्या सुमाराला कधीकधी बेल वाजते. मी केस सारखे करून दार उघडते. शेजारच्यांचं पार्सल असतं, ते कामावर गेलेले असतात. मी सही करून घेते.