कानबाईच्या रोटातली मूठ

एरंडोलच्या दोस्तांनो, हा कागद उद्याच्या मोटारीनं पाठवतोय. वाचनालयाच्या फळ्यावर लावा. एकेकाला लिहायचं त्राण नाही.

आज दुपारी नानाकाका कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं जळगावला आले आणि वसतिगृहावर श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा रोट देऊन गेले. जाताना, बाहेरच्या कोणाला द्यायचा नाही म्हणून बजावलं, "भाऊबंद सोडी कोणले देवानं नही."

तुम्हाला ठाऊकच आहे, रोटाचे गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ टाकतात, आणि तो रोट कुळाबाहेर जात नाही.

मी फडकं सोडलं तसा माझ्या खोलीतला दामू उठला. "तू खा निवांत," म्हणत ओसरीवर जाऊन बसला. मला अवघडायला नको म्हणून.

रोट तसाच ठेवला. मीही बाहेर गेलो.

"तुझ्या नावाची मूठ आईनं टाकली असेल ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

"माझी टाकायला आता कोणी उरलं नाही."

कॉलेजानं जीव नकोसा झालाय, असं मी महिनाभर ह्याच्यापाशीच रडतोय. तो मुकाट ऐकून घेतो.

पुढच्या वर्षी आईला दामूच्याही नावाची मूठ टाकायला सांगू का? चालतं का, ते जाणत्यांनी कळवा. नाही म्हणालात, तरी सांगणारच आहे.