सतरंज्यांवरची नावं

ऑइलपेंटचा वास मला सहन होत नाही. रंगाचं दुकान दिसलं की मी रस्ता ओलांडतो. आणि तोंड चुकवावं असंच मी वागलो होतो.

बहात्तरच्या दुष्काळातून लोक नुकते सावरत होते. मी तेव्हा ताजा बी. ए. होतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखली गेली, कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. त्याचा मला माज होता, आजही आहे, खोटं कशाला बोलू? आमच्या जिल्ह्याच्या गावी शुक्रवार पेठेत एका व्यापारी संघाच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. संघाच्या अध्यक्षांना सगळे मालक म्हणत. मालक मला नावानं कधी हाक मारत नसत. "ए बीए, पानं सांग जा," म्हणत, आणि बसलेले हसत.

त्या वर्षी संघानं मोठं प्रदर्शन भरवलं. ते उठल्यावर उरलेलं सामान गोदामात पडलं: प्लायवूडचे दोन हत्ती, कमानी, पुठ्ठ्याचे मोर आणि पाहुण्यांसाठी घेतलेल्या पंचवीस नव्या सतरंज्या. गोदामात नवा माल यायचा होता, तेव्हा मालकांना दानधर्म आठवला. गावाबाहेर कुंभारीच्या वाटेवर निराधार बायकांचा एक आश्रम होता, त्याला द्यायचं ठरलं.

काय हवं ते विचारायला मी गेलो. आश्रम चालवणारी बाई साठीची, कपाळाला विभूती, मराठीत कानडी मिसळून बोलणारी. सगळे तिला अक्का म्हणत. तिनं मला आत नेऊन फरशी दाखवली. वीस-पंचवीस म्हाताऱ्या तिथं गोणपाटावर झोपत.

"थंडी पडली की ह्यांची हाडं बोलतेत बघ तम्मा," ती धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाली. "सतरंज्या तेवढ्या दे. हत्ती नको. त्याला काय खायला घालू?"

मी येऊन तसंच सांगितलं.

"हत्तीपण द्या," मालक म्हणाले. "आणि सतरंजीवर नाव पाहिजे. नाहीतर दिलं कुणी ते कसं कळणार?"

देवळातल्या पंख्यावर नाव, समईवर नाव, बसायच्या बाकावर नाव. बिननावाचं दान म्हणजे जणू चोरीला गेलेला माल. पण बाक लाकडाचा असतो. सतरंजी सुताची, तिच्यावर माणूस आडवा होणार, हे बैठकीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. वाद झाला तो वरचं नाव कुणाचं यावर. शेवटी चौघांची नावं ठरली. मधोमध, वीतभर अक्षरात, लाल ऑइलपेंटनं.

लिहिली मी. माझं अक्षर चांगलं होतं. कचेरीच्या गच्चीवर उकिडवा बसून लिहीत होतो. सूत रंग पीत राहिलं आणि मी थरावर थर चढवत राहिलो. कळत नव्हतं असं नाही. घोंगड्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला कापड कळतं. पण मालक वर आले, म्हणाले, "बीए, हात हाय बरं का तुला," आणि मी फुगलो.

रंग वाळायच्या आत समारंभाचा दिवस आला. तशाच ओल्या घड्या घातल्या. म्हाताऱ्यांना भाषणं संपेपर्यंत उन्हात उभं केलं. मग फोटोसाठी मालक सतरंजी उघडायला गेले, तर उघडेना. घडी चिकटली होती. दोघांनी धरून ओढली तेव्हा चर्र झालं आणि नावं दुसऱ्या बाजूला उलटी उमटलेली दिसली.

"असू द्या मालक, फोटोत कळत न्हाय," फोटोवाला म्हणाला. मालक हसले. फोटो निघाला.

आठवड्यानं सामानाची पोच आणायला गेलो. म्हाताऱ्या परत गोणपाटावर, सतरंज्या ओसरीत ढीग करून ठेवलेल्या. रंग वाळून पापडासारखा कडक झाला होता आणि जागोजाग तडकला होता. एका आजीनं कोपर पुढं केलं. खरचटून लाल झालं होतं.

"निजलं की टोचतंय आन् वास तर मेल्याला उठवंल," ती म्हणाली.

अक्कानं विचारलं, "हे लिवलं कुणी?"

"मी."

"अक्षर लई ब्येस हाय की. तू निजतोस का त्यावर?"

मला माझीच शिसारी आली. मी कात्री मागितली. अक्कानं एक टोक धरलं आणि मी प्रत्येक सतरंजीची मधली नावांची पट्टी उलट्या अक्षरांसकट कापून काढली. म्हाताऱ्यांनी दाभणानं दोन्ही तुकडे जोडले. सतरंज्या आखूड झाल्या, पण अंग टाकण्याजोग्या झाल्या. दुपारीच दोघीतिघी त्यावर पडल्या.

पुढं मालकांनी टेंभुर्णीच्या एका व्यापाऱ्याला आपलं दान बघायला नेलं आणि तांबडेलाल होऊन परत आले.

"कुणी कापल्या?"

"मी कापल्या. झोपता येत नव्हतं त्यांना."

कचेरीत कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता विचारतील, झोपतात का आता तरी? मालक टेबलावर वाकले.

"माझं नाव होतं तो तुकडा कुटं हाय?"

अक्का काही वाया घालवणारी नव्हती.

"न्हाणीच्या दारात," मी म्हणालो. "पाय पुसायला."

माझी नोकरी त्या दिवशीच गेली.