वखारीचा दमा

घराण्यात दमा कुणाकुणाला होता, असे तुमच्या डॉक्टरांनी विचारल्याचे तुम्ही लिहिले आहे. मला माहीत आहे तेवढे क्रमाने लिहिते.

माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होते. हंगामात तिथली धूळ गल्लीपर्यंत येई आणि निम्मे गाव खोकत असे. वडिलांना धाप लागे, तिला सगळे 'वखारीचा दमा' म्हणत. वखार सोडली की तो सुटतो, अशी सर्वांची खात्री होती. त्यांच्याबरोबर वीस वर्षे पोती उचललेला हमाल मात्र ठणठणीत होता, याचा कुणी विचार केला नाही.

वडिलांनी वखार सोडली. आम्ही बेळगावला, वडगावात विणकरांच्या आळीत राहायला आलो आणि मी इंग्रजी शाळेत जाऊ लागले. दमा सुटला नाही. खानापूरकडे दिलेल्या माझ्या आत्याने तर वखार कधी पाहिलीही नव्हती. तिला तिशीत दमा लागला, तो वडिलांपेक्षा जोराचा. एक वाक्य बोलताना ती तीनदा थांबे.

मी सतरा वर्षांची असताना निपाणीचे एक स्थळ आले. वडिलांना ते फार हवे होते. त्यांचा श्वास ऐकून मुलाची आई म्हणाली, "वखारीचा न्हवं?"

"व्हय, तिथलाच," वडील म्हणाले.

"मग कसली काळजी? आमच्यात मांजर बी खोकतंय." सगळे हसले. मग ती माझ्याकडे वळली. "लई शिकलीयास म्हणं. सुटंल का गं तुझ्या आप्पांचा दमा?"

"न्हाय वाटत," मी म्हटले. "आत्याला बी हाय. ती वखारीत कवा गेली न्हाय."

आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. वडील एवढेच म्हणाले, "तुला माझं इचारलं होतं. आत्याचं न्हवं."

दोन वर्षांनी तुमच्या आजोबांचे स्थळ आले. त्यांच्याकडच्यांनी काही विचारले नाही आणि मी सांगितले नाही. वडील तेव्हा फार थकले होते.

मला अडतिसाव्या वर्षी दमा लागला, हलकाच. पहिल्यांदा धाप लागली तेव्हा आजोबांनी विचारले, "तुला हे आधी ठाऊक होतं?"

"होतं."

ते बरेच दिवस माझ्याशी कामापुरते बोलत. मला त्यात काही गैर वाटले नाही. एकाच घरात कुणाला जोराचा, कुणाला हलका आणि कुणाला अजिबात नाही, असे का होते, ते मला तेव्हाही कळले नव्हते, आजही कळत नाही.

तुमच्या वडिलांचे लग्न ठरवायच्या पहिल्याच बैठकीत आजोबांनी माझा, माझ्या वडिलांचा आणि आत्याचा दमा आपणहून सांगितला. तुमच्या आईच्या वडिलांनी ते सगळे पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावले. मग आत जाऊन मुलीला विचारून आले, आणि होकार दिला.