धानाच्या खोलीतला ड्रमसेट

१२ डिसेंबर, शुक्रवार. अंगणात धान वाळत घातलं होतं आणि मी त्यात पायांनी ओळी पाडत फिरत होते. धान उलथायचं काम वाकून करायला गेलं तर कंबर जाते. पाय घासत, एका चालीने चालत राहिलं की खालचं ओलसर धान आपोआप वर येतं. पण ऊनच धड नव्हतं. ढग जमत होते. संध्याकाळच्या आत पोती भरून आत टाकायची होती, आणि आत जागा नव्हती, कारण धानाच्या खोलीत माझ्या दिराचा ड्रमसेट होता.

दीर झाडीपट्टीच्या नाटकांत ड्रम वाजवतात. वाजवायचे, असं म्हणायला हवं. धानाची कापणी झाली की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात, ती होळीपर्यंत चालतात. एवढे दिवस भाऊजी घरी फक्त कपडे धुवायला टाकण्यापुरते येत. यंदा त्यांच्या निर्मात्याने तालमीत त्यांच्या कानाला मोबाइलची टिकटिक लावली आणि तिच्याबरोबर वाजवायला सांगितलं. गाणं संपेपर्यंत भाऊजी टिकटिकीच्या पुढे निघून गेले होते. "तुमची लय सरकते," असं म्हणून त्याने भाऊजींना घरी पाठवलं आणि गाणी लॅपटॉपवर लावायला सुरुवात केली.

तेव्हापासून भाऊजी ओसरीतल्या खाटेवर. जेवायला उठायचे, परत आडवे. शेवटी मोहाडीच्या एका बँडवाल्याला त्यांनी सेट विकायचं कबूल केलं. तो शनिवारी सकाळी गाडी घेऊन येणार होता. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, लग्न नाही, शेतात हात लावत नाही. वाजवायचं नसेल तर ती पिंपं घरात कशाला? माझं म्हणणं एवढंच होतं की सेट आजच ओसरीत काढा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "उद्या जाऊनच तर राहिला ना, वहिनी. आज कायले हलवता?"

नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "तू पाहून घे," आणि गिरणीत निघून गेले.

त्यात मुलगी आलेली. ती पुण्यात नोकरी करते, सध्या घरूनच काम असल्याने धानाला मदत करते म्हणून आली होती. मदत म्हणजे काय, तर सकाळी तिने ओसरीत एक छोटा स्पीकर ठेवला आणि अमेरिकेतली जुनी गाणी लावली. तिच्या जन्माआधीची. त्यात एक माणूस श्वास न घेता बोलत होता. मागे ड्रम, एक जाडसर गिटार, मधूनच पेटीसारखं काहीतरी. चाल म्हणावी तर नाही, भांडण म्हणावं तर रागही नाही.

"हिपहॉप आहे, आई."

"असू दे. खोऱ्याने पोत्यात धान भरता येते का त्याच्यावर?"

खाटेवरून आवाज आला. तीन दिवसांत पहिल्यांदा भाऊजी आपणहून बोलले. "मशीन आहे ते."

"नाही काका. हाच तर मुद्दा आहे. तेव्हा बाकीचे लोक जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून, तेच तेच फिरवून त्यावर बोलायचे. या लोकांनी सगळा अल्बम स्वतः वाजवला. बँड आहे हा. ड्रमवर खराखुरा माणूस आहे."

"खोटं. इतकी एकसारखी थाप माणसाच्या हातून पडूच शकत नाही. मले नोको शिकवू."

"तुम्ही ऐकून तर घ्या."

"ऐकूनच सांगून राहिलो. मशीन आहे."

आमच्या घरात वाद सुरू झाला की तो धान झाकेपर्यंत संपत नाही, हे मला माहीत होतं. ती एक गाणं पुढे जायची, ते मान हलवायचे. ती म्हणायची, इथे बघा, मध्ये कोणीतरी हसलं. ते म्हणायचे, हसू मागून टाकलं असेल. हातातलं खोरं तिने केव्हाच भिंतीला टेकवून ठेवलं होतं. एकाने मशीनच्या बाजूने बोलावं, एकीने माणसाच्या, आणि काम मी करावं.

मग भाऊजी उठून बसले. मोबाइल काढला. "थांब. आता खरं-खोटं करतो." निर्मात्याने त्यांना जी टिकटिक लावली होती, तीच त्यांच्या मोबाइलवर होती. ती त्यांनी काढून टाकली असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी टिकटिक गाण्याच्या लयीला जुळवली. "हे मशीन असन तर शेवटपर्यंत याच्यासंगच राहीन. एक केसभर नाई हलणार."

गाणं लांबलचक होतं. दोघं कान देऊन बसले. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "हललं." भाऊजी म्हणाले, "नाई हललं. तुले पायजे म्हणून ऐकू येऊन राहिलं." पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तेच. मग दोघांना एकदमच मी आठवले.

"वहिनी, तुमी सांगा. तुमाले ना गाण्याशी देणं ना घेणं."

"मले धानाशी देणं आहे. ढग पाहा."

"एकच डाव, वहिनी. बस एकच डाव."

भाऊजींनी स्पीकर ओट्याच्या टोकाला आणला आणि मुलीने मोबाइल माझ्या डोक्याला बांधलेल्या ओढणीच्या गाठीत अडकवला, का तर टिकटिक मला नीट ऐकू यावी. मी काही थांबले नाही. धान उलथत होते ते उलथतच राहिले. पायांना चाल लागतेच, ती टिकटिकीला लागली. एक टिक, एक पाऊल. स्पीकरवरचा ड्रमही त्याच पावलावर पडत होता. मी अंगणाच्या त्या टोकाला गेले, वळले, परत आले. कितीतरी वेळ सगळं बरोबर होतं आणि मला वाटलं, झालं, भाऊजी जिंकले, आता तरी उठतील.

मग परत वळताना पाय अडखळला. काही लागलं नव्हतं. पाऊल टिकटिकीवर पडत होतं, पण ड्रम त्याआधीच पडून गेला होता. पुढच्या पावलालाही तसंच. तो बोलणारा माणूस जोरात आला होता आणि त्याच्याबरोबर मागचे सगळेच घाई करत होते.

"तुमची टिकटिक मागे राहिली," मी म्हटलं. "गाणं पुढे पळालं. घ्या हा मोबाइल आणि उठा."

कोणीच उठलं नाही. भाऊजींनी मोबाइल कानाला लावला, स्पीकरकडे बघत ऐकलं. मला वाटलं चिडतील. ते एवढे हसले की शेजारची गाय दावणीला उठून उभी राहिली.

"सरकते! अबे, याचीबी सरकते! माणूसच हाये साला!"

"मी सकाळपासून काय सांगतेय," मुलगी म्हणाली.

"आणि लोक इतक्या वर्षांपासून ऐकून राहिले? त्याले कोणी घरी नाई पाठवलं?"

"नाही ना काका. उलट लोक त्याच्यासाठीच ऐकतात."

पुढचं मला आधीच कळायला हवं होतं. भाऊजी धानाच्या खोलीत गेले, सेटवरची ताडपत्री ओढली आणि वाजवायला बसले. त्याच गाण्याबरोबर. पहिल्यांदा चुकले, मग सापडलं, मग थांबेनात. भिंतीवरची सुपं खाली पडली. दोन घरं सोडून राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईने विचारायला पाठवलं की आमच्याकडे कोणाचं ठरलं का. खोली काही रिकामी झाली नाही, ताडपत्री तेवढी मोकळी झाली; संध्याकाळी पोत्यांत भरलेलं धान तिच्याखाली अंगणातच राहिलं.

मी दारात उभी राहिले. "भाऊजी, एक सांगा. सेट उद्या जाऊन राहिला का नाई?"

हात थांबले. "शब्द देऊन बसलो ना त्याले."

"शब्दाचं नाई विचारत. विकायचा आहे का?"

त्यांनी काठ्या मांडीवर घासल्या. मग सगळं बाहेर आलं. वडशाच्या दुसऱ्या एका नाटक कंपनीने दिवाळीतच निरोप पाठवला होता. तिथे अजून वाजवणारे ठेवतात, फक्त सेट आपला आणावा लागतो. भाऊजी गेले नाहीत, कारण तिथेही कोणी टिकटिक लावली तर काय करायचं. म्हणजे हा माणूस एवढे दिवस खाटेवर काम नाही म्हणून नव्हता. काम होतं. तो भिऊन झोपला होता, आणि मी त्याला चहा नेऊन देत होते.

"मग त्या मोहाडीवाल्याले फोन करा आणि नाई म्हणा."

"तो गाडी सांगून बसला असन, वहिनी. वाईट दिसते."

वाईट दिसते! लग्नात बँडवाला उपाशी राहिला म्हणून आपलं ताट देऊन येणारा माणूस हा. नाही म्हणणं यांना जन्मात जमलेलं नाही. निर्मात्यालाही त्यांनी "बरं" म्हटलं होतं. मी भांडी घासायला गेले.

सकाळी उठले तेव्हा भुरभुर सुरू झाली होती. चूल पेटवायच्या आधी मी भाऊजींच्या मोबाइलवरून मोहाडीला फोन लावला. मी त्यांची वहिनी बोलते, सेट विकायचा नाही, गाडी काढू नका, आणि या बाजूला आलात तर जेवायला या. तो कुरकुरला. मी ऐकून घेतलं आणि ठेवला. लगेच वडशाच्या कंपनीला लावला: भाऊजी सेट घेऊन येतात, गाडी पाठवा. मग समोरच्या खोलीतल्या दोन्ही खाटा ओसरीत काढल्या, तिथे जमिनीवर विटा मांडल्या, वर फळ्या टाकल्या आणि भाऊजींच्या अंगावरची चादर ओढली.

"उठा. धानाची खोली सेटलेच राहू द्या. पोत्याचं ते टोक धरा. वडशाची गाडी यायच्या आत सगळं धान समोरच्या खोलीत पायजे, मग तुमी जा."

त्यांनी टोक धरलं.